‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि कोपरगांवच्या आनंदीबाई : स्वभावपरीक्षणाच्या अध्यापनासंबंधीं विचार

१

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक १९०९ सालचें. नारायणराव पेशव्यांचा वध, त्यापूर्वीं पेशव्यांच्या घरांत धुमसणारा कलह, आणि वधानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावांस सुनावलेलें देहान्त प्रायश्चित्त हा त्याचा विषय सर्वश्रुत आहे. मराठी गद्य नाटकांत ज्यांस अभिजात म्हणतां येईल अशा थोड्या कृतींत त्याची गणना होते, आणि म्हणूनच रंगभूमीबरोबर अध्यापनाच्या वर्गांतही तें अभ्यासाचा विषय होतें. प्रस्तुत लेखांत त्याच्या गुणदोषांची समग्र चर्चा योजिलेली नाहीं. विचार करावयाचा तो एकाच प्रश्नाचा : आनंदीबाईचा स्वभाव विद्यार्थ्यास शिकवितांना कोणता पुरावा कोठें लावावा?

अध्यापनाची ही बाब शिक्षकांनीं आपसांत पाहावी, इतिहाससाधनांस वाहिलेल्या पानांत तिला जागा कां, अशी शंका कोणी घेईल. तिचें समाधान दोन प्रकारें होईल. ‘एकच प्याला’तील सुधाकराचा स्वभाव कोणीं चुकीचा लिहिला तर परीक्षेंतील चार गुण जातात, दुसरें कोणाचें कांहीं जात नाहीं, कारण सुधाकर हा गडकऱ्यांच्या नाटकाबाहेर कधीं जन्मलाच नाहीं. आनंदीबाई मात्र खरोखर होऊन गेल्या. त्यांना पति होता, मुलें होतीं, त्यांच्या नांवें हुकूम निघाले, त्यांच्या खर्चाचे जमाखर्च लागले. नाटकावरून लिहिलेलें स्वभावचित्र इतिहास म्हणून फिरूं लागलें म्हणजे उत्तरपत्रिकेवर एका मृत व्यक्तीस शिक्षा होते, आणि ती दरवर्षीं नव्या विद्यार्थ्यांच्या हातून होते. दुसरें असें कीं, ज्या बाईंविषयीं हें लिहिलें जातें, त्यांच्या उत्तर आयुष्यांतील सुमारें दहा वर्षें अहमदनगर जिल्ह्यांत, गोदातीरीं कोपरगांव येथें गेलीं. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. कोपरगांव मात्र होतें तेथेंच आहे, आणि तेथें राघोबादादांचा वाडा म्हणून वास्तु दाखविली जाते. त्या वाड्यावरून शाळेंत जाणाऱ्या मुलास नाटकांतील आनंदीबाई पाठ असावी आणि वाड्यांतील आनंदीबाई ठाऊकही नसाव्या, ही स्थिति संशोधकांस समाधानकारक वाटूं नये.

२

रूढ उत्तराचा सांगाडा बहुधा असा असतो. आनंदीबाई अत्यंत महत्त्वाकांक्षी होती. ती कारस्थानी होती. दुबळ्या मनाच्या पतीस तिनें आपल्या मुठींत ठेविलें. तिनें ‘ध’चा ‘मा’ केला. सारांश, ती मराठी रंगभूमीवरील लेडी मॅक्बेथ होय. हीं पांच विधानें एका दमांत लिहिलीं जातात, आणि तीं एकाच तोलाचीं आहेत असें लिहिणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तीं तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेलीं आहेत. पहिलीं तीन नाटकाच्या वाचनांतून निघतात व त्यांचा खरेखोटेपणा नाटकांतच तपासतां येतो. चवथें हें एका दंतकथेचें सार आहे. त्याची कसोटी नाटकांत नसून कागदांत आहे. पांचवें तर परकीय नाटकाशीं केलेली तुलना होय. ती योग्य असेल, पण तुलना म्हणजे पुरावा नव्हे.

आमच्या जुन्या नाट्यशास्त्रानें नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार वर्ग केले. त्या वर्गीकरणाचा उपयोग आहे. परंतु पात्रास वर्गांत बसविलें कीं विचार संपला, असें समजण्याची संवयही त्यानें लागूं शकते. इंग्रजी विद्येबरोबर स्वभावचित्रणाची नवी पद्धति आली. ए. सी. ब्रॅडले यांचीं शेक्सपीअरच्या शोकांतिकांवरील व्याख्यानें १९०४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं, आणि पात्राच्या मनाचे पदर एकेक करून उलगडण्याचा तो आदर्श आमच्या महाविद्यालयांतून पुष्कळ वर्षें चालला. पद्धति नवी आली खरी, पण परीक्षेच्या घाईंत तिचेंही रूपांतर शिक्क्यांतच झालें. पूर्वीं ‘धीरोद्धत’ म्हणून थांबत असत, पुढें ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणून थांबूं लागले. शब्द बदलला तरी थांबण्याची जागा तीच राहिली.

३

प्रथम नाटकाची साक्ष घेऊं. नाटकांतील पात्र सिद्ध होतें तें चार गोष्टींनीं : पात्र स्वतः काय बोलतें, तें प्रत्यक्ष काय करितें, इतर पात्रें त्याच्याविषयीं काय बोलतात, आणि प्रसंगाप्रसंगानें त्यांत काय पालट होतो. यांपैकीं तिसऱ्या साक्षीचा विद्यार्थी सर्वांत अधिक उपयोग करितात आणि तीच सर्वांत कमी तपासतात. एका पात्रानें दुसऱ्यास दुष्ट म्हटलें तर बोलणाऱ्याचा स्वार्थ कोणता, तो कोणत्या वेळीं व कोणापुढें बोलत आहे, हें आधीं विचारलें पाहिजे. बखरकाराचें विधान वाचतांना आम्ही हाच प्रश्न विचारतों. नाटक वाचतांना तो कां सोडावा?

या कसोटीनें ‘भाऊबंदकी’ पाहिलें असतां तिच्या रचनेचें एक सूत्र हातीं लागतें. राघोबास महत्त्वाकांक्षा आहे, माया आहे, भीतिही आहे. नाहीं तो निश्चय. आनंदीबाईच्या ठिकाणीं निश्चय आहे, पण तो सदसद्विवेकाच्या लगामांत नाहीं. रामशास्त्र्यांच्या ठिकाणीं निश्चय व विवेक एकत्र आले आहेत. राघोबाचें दोलायमान मन मध्यें ठेवून त्याच्या एका बाजूस आनंदीबाई व दुसऱ्या बाजूस रामशास्त्री उभे करावे, म्हणजे नाटकाचा तराजू पुरा होतो. आनंदीबाईचा निश्चय थोडा ढिला केला तर राघोबास ओढणारी शक्तीच उरत नाहीं, आणि रामशास्त्र्यांच्या न्यायासही तोडीचा प्रतिपक्ष राहत नाहीं. अर्थात् तिचा कठोरपणा ही प्रथमतः नाटकाची गरज आहे. खाडिलकरांनीं ती गरज इतक्या समर्थपणें भागविली कीं, प्रेक्षकांस ती चरित्रांतील सिद्ध गोष्ट वाटली. हें नाटककाराचें यश आहे, आणि त्याबद्दल त्यास दोष देणें अरसिकपणाचें होईल.

नाटकाच्या नांवाकडेही विद्यार्थ्याचें लक्ष वेधावें. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या १८६१ सालच्या नाटकाचें नांव ‘थोरले माधवराव पेशवे’; तेथें पुरुष हाच विषय आहे. खाडिलकरांनीं येथें ना राघोबाचें नांव घातलें, ना आनंदीबाईचें. त्यांनीं एका रोगाचें नांव घातलें. या रोगाचीं लक्षणें एकट्या स्त्रीच्या माथीं मारून मोकळें होणारें उत्तर नाटकाच्या मथळ्याशींच विसंगत ठरतें. भाऊबंदकी एकट्यानें होत नाहीं. घरांतील थोरल्याचा अपमान, धाकट्याचा उतावळेपणा, कारभाऱ्यांचे तट आणि पगारी शिपायांच्या हातीं गेलेला वाडा, इतक्यांचा हिशेब मांडल्यावरच आनंदीबाईच्या वांट्याचा हिशेब निघेल.

आतां लेडी मॅक्बेथची तुलना. शेक्सपीअरच्या त्या नाटकाचें शिवराम महादेव परांजपे यांनीं ‘मानाजीराव’ या नांवानें मराठी रूप केलें. त्यामुळें पतीस राजवधाकडे ढकलणारी स्त्री मराठी वाचकांस परिचितच होती. तुलना करावयाची तर ती पुरती करावी. इतिहासांतील मॅक्बेथ स्कॉटलंडचा राजा होता. त्यानें १०४० पासून १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, राज्य केलें. नाटक त्यानंतर साडेपांचशें वर्षांनीं, होलिनशेडच्या बखरीच्या आधारें रचलें गेलें. त्याच्या राणीचें नांव ग्रुओख. तिच्याविषयींचा जो अस्सल स्वरूपाचा उल्लेख टिकला आहे तो कसला? लॉक लेव्हन येथील मठास राजाराणींनीं जमीन दिल्याच्या दानलेखांतला. जगाच्या रंगभूमीवर जिचे हात रक्तानें माखलेले दिसतात, तिची कागदांतील आठवण धर्मादायाची आहे. यावरून ती साध्वी होती असें सिद्ध होत नाहीं. नाटकांतील स्त्री व दानलेखांतील स्त्री यांना जोडणारा पूल आपल्याजवळ नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. १९३३ सालीं एल. सी. नाइट्स यांनीं एक निबंध लिहून, लेडी मॅक्बेथला मुलें किती होतीं, असल्या प्रश्नांची थट्टा केली. नाटकांतील पात्राचें नाटकाबाहेर चरित्र शोधणें व्यर्थ, हा त्यांचा रोख. आनंदीबाईच्या बाबतींत गोष्ट अधिक बिकट आहे. येथें पात्राबाहेर खरीच स्त्री आहे, तिला मुलेंही होतीं, आणि त्यांपैकीं एक पुढें पेशवा झाला. म्हणून नाइट्सांचा इशारा येथें फिरवून घ्यावा लागतो : पात्राचें चरित्र शोधूं नये, आणि चरित्राच्या जागीं पात्रही बसवूं नये.

४

नारायणरावांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत झाला. गारद्यांचे म्होरके सुमेरसिंग, महंमद इसफ व खरकसिंग आणि त्यांच्या जोडीस तुळाजी पवार, हीं नांवें प्रसिद्ध आहेत. ‘ध’चा ‘मा’ ही कथा अशी कीं, रघुनाथरावांनीं पुतण्यास ‘धरावें’ असा लेखी हुकूम दिला व आनंदीबाईंनीं त्यांत ‘मारावें’ असा फेर केला. मराठींत ‘ध’चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार झाला, आणि वाक्प्रचारास पुरावा कोणी मागत नाहीं.

ही हकीकत जगापुढें ज्या ग्रंथानें ठळकपणें मांडली तो ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास; तो १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. वध व ग्रंथ यांच्यामध्यें त्रेपन्न वर्षांचें अंतर आहे. ग्रँट डफ साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता; त्यास दफ्तरें पाहावयास मिळालीं, व जुन्या काळचीं माणसेंही भेटलीं. म्हणून त्याचें लिहिणें झिडकारून चालणार नाहीं. परंतु तें बारकाईनें वाचलें पाहिजे. रामशास्त्र्यांच्या चौकशींत कागद हातीं आला व त्यांतील शब्द बदललेला दिसला, हें तो घटना म्हणून सांगतो. तो बदल आनंदीबाईंनीं केला, हें मात्र तो लोकांची सार्वत्रिक समजूत म्हणून सांगतो. एकाच परिच्छेदांत दोन दर्जांचीं विधानें आहेत. विद्यार्थ्याच्या उत्तरांत हा दर्जाभेद नाहींसा होतो, आणि समजूत निकाल होऊन बसते.

येथें आणखी एक अडचण आहे. ती आमच्या आवडीआड येते म्हणून तिचा उल्लेख सहसा होत नाहीं. रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणें सोडून गेले, ही तेजस्वी कथाही याच ग्रंथांत आहे. एकाच साक्षीदारानें एका हातानें रामशास्त्र्यांचा गौरव व दुसऱ्या हातानें आनंदीबाईंची अपकीर्ति आपल्या स्वाधीन केली. आनंदीबाईंपुरता हा साक्षीदार ऐकीव बोलतो म्हणून सोडावयाचा असेल, तर रामशास्त्र्यांपुरती त्याची उलटतपासणी टाळतां येणार नाहीं. जो विद्यार्थी ही अडचण ओळखील, त्यास साधनचिकित्सेचा पहिला धडा मिळाला असें समजावें. मग त्याचा निष्कर्ष कोणताही असो.

ज्या कागदावर हा फेर झाला म्हणतात, तो मूळ कागद संशोधकांच्या हातीं आलेला नाहीं. तथापि कागद नसतांही कागदाविषयीं विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि ते हस्तलिखितें हाताळणाऱ्यांसच सुचतात. मोडी लिहितांना ओळीची रेघ आधीं आंखून अक्षरें तिच्या खालीं अखंड ओढीत नेतात. शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहींत. अशा ओळींत एका अक्षराच्या ठिकाणीं दुसरें अक्षर आणि शिवाय काना बसवावयाचा तर जागा कोठून आणावयाची? खाडाखोड न दिसतां तें साधेल काय? दुसरें, सरदारांचीं पत्रें बहुधा कारकुनाच्या हातचीं असत. मालकाच्या हातची कित्येकदां अखेरची एखादी ओळच असे. असा गुप्त हुकूम कारकुनाच्या हातून गेला असेल काय? नसेल तर तो कोणाच्या अक्षरांत होता, आणि तें अक्षर वठविणें कोणास शक्य होतें? तिसरें, आनंदीबाईंच्या स्वहस्ताक्षराचा निर्विवाद नमुना समोर ठेविल्यावांचून त्यांच्या हातच्या फेरफाराची चर्चा कशावर करावयाची? या प्रश्नांचीं उत्तरें आधींच ठरवून ठेवूं नयेत. वर्गांत मोडी लिहितां येणारा एक मनुष्य बोलवावा, बोरूनें ‘धरावें’ हा शब्द ओळींत लिहवावा, आणि विद्यार्थ्यांनीं तो बदलून पाहावा. अर्ध्या तासाच्या या प्रयोगानें, कथा खरी कीं खोटी हें ठरणार नाहीं. पण ती कथा म्हणजे एका विशिष्ट कागदाविषयींचें विधान आहे, हें जन्मभर ध्यानांत राहील.

५

आतां नाटकाच्या पडद्यापलीकडे जाऊं. वधानंतर रघुनाथरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, पण कारभाऱ्यांनीं बारभाईंचें कारस्थान उभारलें. नारायणरावांच्या पश्चात् गंगाबाईंस १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर पुत्र झाला, आणि रघुनाथरावांचा हक्क लटका पडला. पुढील भटकंतींत आनंदीबाईंस धार येथें १० जानेवारी १७७५ रोजीं बाजीराव झाले. त्याच सालच्या मार्चमध्यें रघुनाथरावांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला, व त्यांतून इंग्रज-मराठ्यांचें पहिलें युद्ध ओढवलें. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें संपलें. रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला, आणि त्यांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. तदनंतर ते कोपरगांवीं येऊन राहिले व ११ डिसेंबर १७८३ रोजीं वारले. १७५८ सालीं लाहोरपर्यंत धडक मारणाऱ्या सेनापतीची अखेर अशी गोदाकांठीं, राजकारणाच्या कडेला झाली.

तेव्हां बाजीराव नऊ वर्षांचेही नव्हते. आनंदीबाई गरोदर होत्या. चिमाजीअप्पांचा जन्म पित्याच्या मृत्यूनंतर, १७८४ सालीं झाला. दत्तक पुत्र अमृतराव हे थोरले. हें कुटुंब पुणें दरबारच्या नजरेखालीं १७९३ पर्यंत कोपरगांवींच होतें; मग त्यास नाशिकजवळ आनंदवल्लीस नेण्यांत आलें, आणि तेथें १७९४ सालीं आनंदीबाईंचा अंत झाला. शेवटचा पेशवा होणाऱ्या मुलाचें आठनऊ वर्षांपासून अठराव्या वर्षांपर्यंतचें वय, म्हणजे घडणीचा सर्व काळ, अहमदनगर जिल्ह्याच्या या एका गांवांत गेला. आणि त्या काळांत त्याच्या घरचें कर्तें माणूस म्हणजे ही विधवा माता होती.

हीं दहा वर्षें नाटकांत नाहींत, आणि नसावींत हेंच योग्य. शोकांतिकेचा वेग एवढा पसारा सोसणार नाहीं. परंतु स्वभाव पाहावयाचा तर माणूस सत्तेजवळ असतांना जितका दिसतो, त्याहून सत्ता गेल्यावर अधिक दिसतो. नेमणुकीचा पैसा वेळेवर येत होता काय? वाड्यावर चौकी कोणाची होती? मुलांस कोणीं, काय शिकविलें? ब्राह्मणभोजन, व्रतें, देणग्या यांवर खर्च किती? पुण्यास पत्रें कोणाच्या नांवें गेलीं व त्यांची भाषा नमतेपणाची होती कीं मानी? आनंदीबाईंच्या स्वभावासंबंधीं खरें बोलणारे साक्षीदार हे आहेत. त्यांची पुरती जबानी अद्याप वर्गांत कोणीं ऐकविलेली नाहीं.

येथें एक सावधगिरी हवी. दोषारोपाचा पुरावा पुरेसा नाहीं म्हणतांच, बाई सर्वथा निर्दोष होत्या असें सांगण्याचा मोह होतो, आणि मग एका दंतकथेच्या जागीं दुसरी दंतकथा येते. निर्दोषत्वाचा दाखला देणें हें संशोधकाचें काम नव्हे. पतीच्या पक्षांत त्या होत्या, त्याच्या उत्कर्षांत त्यांचा हितसंबंध होता, हें उघड आहे. हितसंबंध होता एवढ्यावरून कृत्य सिद्ध होत नाहीं, आणि कृत्य सिद्ध झालें नाहीं एवढ्यावरून हितसंबंध पुसला जात नाहीं. दोन्ही वाक्यें विद्यार्थ्यानें एकत्र लिहावयास शिकलें पाहिजे.

६

तिसरी एक साक्ष राहिली. ती नाटककाराच्या काळाची. डिसेंबर १९०७ मध्यें सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली. जुलै १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांस शिक्षा होऊन ते पुढें मंडालेस गेले. खाडिलकर हे टिळकांचे सहकारी व ‘केसरी’चे लेखक. १९०७ सालच्या त्यांच्या ‘कीचकवधा’वर पुढें सरकारनें बंदी घातली, ती त्यांतील कथा महाभारतांतली असूनही. अशा लेखकानें १९०९ सालीं घरांतल्या दुफळीवर नाटक लिहिलें, तेव्हां ‘भाऊबंदकी’ हा शब्द प्रेक्षकांस केवळ १७७३ चा वाटला नसावा, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. आपसांतला कलह परक्यास घरांत आणतो, हा पेशवाईचा धडा त्या पिढीस आपल्याच अंगणांत गिरवावा लागत होता. आनंदीबाईच्या चित्राचा रंग गडद कां झाला, याचा विचार करितांना हाही पदर उलगडून दाखविला पाहिजे.

शिवाय नाटक हें पुस्तकांतच संपत नाहीं. त्या काळीं नामांकित नाटक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. म्हणजे आनंदीबाई प्रथम उभी राहिली ती पुरुषाच्या देहांत व आवाजांत. पुढें दुर्गा खोटे यांनीं नानासाहेब फाटकांच्या राघोबाबरोबर तीच भूमिका केली. शब्द तेच असतां नटाच्या बदलानें पात्राचा तोल किती ढळतो, हें ज्यांनीं दोन प्रयोग पाहिले असतील त्यांस सांगावयास नको. हस्तलिखितांच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रत्येक प्रयोग हा एक पाठभेद आहे.

७

आतां प्रत्यक्ष अध्यापनाविषयीं. विद्यार्थ्याच्या वहीच्या पानावर तीन रकाने आंखावेत. पहिल्यांत नाटकाची साक्ष : अंक, प्रवेश, बोलणारा व ऐकणारा यांसह. दुसऱ्यांत कागदाची साक्ष : कोणता कागद, कोणत्या तारखेचा, घटनेपासून किती वर्षांनीं लिहिलेला, मूळ कीं नक्कल, छापील असल्यास कोणाच्या संग्रहांतील. तिसऱ्यांत नाटककाराच्या काळाची साक्ष. आनंदीबाईविषयींचें कोणतेंही विधान या तिहींपैकीं एका रकान्यांत बसलेंच पाहिजे. न बसेल तर तें खोडावें. एका रकान्यांतील पुरावा दुसऱ्यांतील विधानास लावूं नये, हा एकच नियम. तो पाळला असतां ‘ती महत्त्वाकांक्षी होती’ हें वाक्य पहिल्या रकान्यांत सुखेनैव राहील, आणि ‘तिनें ध चा मा केला’ हें वाक्य दुसऱ्या रकान्यांत जातांच स्वतःपुढें प्रश्नचिन्ह लावून घेईल. राघोबा व रामशास्त्री यांच्यासाठींही हीच आंखणी चालेल. लाहोरपर्यंत गेलेला राघोबा दुसऱ्या रकान्यांत व रंगभूमीवर चळणारा राघोबा पहिल्यांत, असे समोरासमोर उभे केले म्हणजे नाटककारानें काय निवडलें व काय गाळलें तें आपोआप दिसतें. स्वभावचित्रणाची खरी गोडी त्या निवडींत आहे.

दुसरा रकाना भरण्यास छापील साधनें कमी नाहींत. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालचा. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ पटवर्धनी दफ्तरांतून याच काळावर भरपूर प्रकाश टाकतो. सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधींत निघाले. एका वर्गानें यांतील दहा पत्रें वाचलीं तरी पुरे. परंतु कोपरगांवच्या दहा वर्षांविषयीं अधिक कांहीं मिळावयाचें तर तें स्थानिक दफ्तरांतून मिळेल, आणि येथें हस्तलिखितसंग्राहकांकडे मागणें आहे.

कोपरगांव, पुणतांबें, संगमनेर, नेवासें या भागांतील जुन्या कुळकर्णी, देशमुख, जोशी व क्षेत्रोपाध्याय घराण्यांत मोडी रुमाल असतात. वाड्यास धान्य, तूप, लांकूड पुरविल्याच्या याद्या, शागीर्दपेशाचे पगार, दक्षिणेच्या पावत्या, चौकीच्या शिपायांच्या हजेऱ्या, अशा किरकोळ दिसणाऱ्या कागदांस कोणी भाव देत नाहीं. त्यांत लढाई नसते, तह नसतो. आनंदीबाईंच्या बाबतींत मात्र असा एखादा जमाखर्चच शंभर स्वभावचित्रांहून अधिक बोलेल. ज्यांजवळ १७८३ ते १७९३ या अवधींतील, कोपरगांवचा उल्लेख असलेले कागद असतील, त्यांनीं ते सुटे करूं नयेत, रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये, पाठीवरील नोंदी झिजूं देऊं नयेत, आणि शक्य तर छायाचित्र व देवनागरी नक्कल करवून ठेवावी. अहमदनगरचें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० पासून जिल्ह्यांतील असे कागद सांभाळीत आलें आहे. कागद घरीं ठेवावयाचे असल्यास निदान त्यांची यादी तेथें द्यावी. नकलेवर तारीख, मूळ मालकी, कागदाची लांबीरुंदी व अक्षराचें वळण यांची टीप असावी, म्हणजे ती वर्गांत दाखवितांना शिक्षकास तिचा दर्जा सांगतां येईल. आणि जिल्ह्यांतील ज्या शिक्षकांकडे हें नाटक शिकविण्याचें काम येईल, त्यांनीं नाटक संपल्यावर विद्यार्थ्यांस एकदां कोपरगांवच्या वाड्यापर्यंत न्यावें, आणि तिसऱ्या अंकाऐवजीं त्या दहा वर्षांवर प्रश्न घालावा.